घरचे ध्वनिमुद्रण : संगणकाची निवड

प्रस्तावना

तुमच्यापैकी कोणी गाणे शिकत असेल, कोणी पेटी किंवा तबला वाजवत असेल, तर कोणाच्या घरी ओव्या आणि भूपाळ्या म्हणणारी आजी असेल. हा आवाज जपून ठेवावा, निवांतपणे पुन्हा ऐकावा, दूरच्या आप्तांना पाठवावा, असे मनात येणे स्वाभाविक आहे. एके काळी त्यासाठी मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रणगृह गाठावे लागे. आता तेच काम घरातल्या एका खोलीत होऊ शकते. परंतु 'त्यासाठी संगणक कोणता घ्यावा?' असे विचारले, की दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे सांगतो आणि जाहिरात तिसरेच सांगते. साठवलेले पैसे मात्र एकदाच खर्च होतात. ते करण्यापूर्वी कोणता विचार करावा, हे आपण या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला आपल्या संगीताच्या गरजेवरून संगणकाची गरज ठरवता येईल. ध्वनिमुद्रणाला लागणारी साठवणूक स्वतः मोजता येईल. संगणकाचा वेग आणि त्याचा वक्तशीरपणा यांतील फरक सांगता येईल.

मूळ पाठ

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी प्रसिद्ध गायिका गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ही घटना आरंभीची मानली जाते. त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात आलेला नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून चढ्या आवाजात गावे लागे, आणि तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. एकेक राग तास तास रंगवणाऱ्या कलावंतांनी आपली चीज तीन मिनिटांत आटोपती घेतली. अट यंत्राची होती आणि कलावंताला ती पाळावी लागली. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, पुढे चुंबकीय फीत आली, १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि हळूहळू सारे ध्वनिमुद्रण संगणकात शिरले. वेळेची अट संपली. तरीही संगणक विकत घेताना पुष्कळ लोक जुन्याच क्रमाने विचार करतात : आधी यंत्र, मग त्यात बसेल ते संगीत. आपण हा क्रम उलटा करू आणि संगीतापासून आरंभ करू.

दोन घरे, दोन गरजा

कल्पना करा, इंदूरमधील एका मराठी घरात एक मुलगी ख्यालगायन शिकते आहे. आठवड्यातून दोनदा तिच्या साथीला पेटी आणि तबला असतो. आपला रियाज मुद्रित करावा, चुका ऐकाव्यात, गुरुजींना ऐकवावे आणि घरातील ऐंशी वर्षांच्या आजीच्या ओव्याही टिपून ठेवाव्यात, एवढीच तिची इच्छा आहे. दुसरे घर हैदराबादचे. तेथील मुलगा कवितांना चाली लावतो. त्याच्याजवळ वादक नाहीत. तो की-बोर्डच्या पट्ट्या दाबतो आणि बासरी, व्हायोलिन, सतार यांचे स्वर संगणकातील सॉफ्टवेअरमधून उमटतात.

'मला घरी संगीत रेकॉर्ड करायचे आहे', हेच वाक्य दोघेही दुकानात उच्चारतील आणि बहुधा दोघांनाही एकच महागडा संगणक दाखवला जाईल. त्यांच्या गरजा मात्र अगदी भिन्न आहेत. पहिल्या घरात आवाज बाहेर निर्माण होतो. संगणकाने तो फक्त टिपून ठेवायचा आहे. दुसऱ्या घरात आवाज संगणकानेच निर्माण करायचा आहे, तोही पट्टी दाबताक्षणी. टिपून ठेवणे हे संगणकासाठी हलके काम आहे. निर्माण करणे हे भारी काम आहे.

किती हलके, ते मोजूनच पाहू. संगणक ध्वनीची लाट अखंड साठवत नाही; तो ठरावीक काळाने तिची उंची मोजतो. अशा प्रत्येक मोजणीला 'नमुना' म्हणतात. मानवी कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि तो नीट टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. चित्रफितींच्या कामात ४८,००० घेतात. प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे ३ बाइटांचा धरला, तर एका मायक्रोफोनसाठी सेकंदाला ४८,००० × ३ = १,४४,००० बाइट लागतात. मिनिटाला हे ८.६४ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट होते.

इंदूरच्या मुलीला चार मायक्रोफोन पुरेत : एक गळ्यासाठी, एक पेटीसाठी आणि दायाँ व डग्गा यांना एकेक. तासाभराच्या रियाजाला जेमतेम दोन गिगाबाइट लागतील. आठवड्यातून दोन तास याप्रमाणे वर्षभराचा सगळा रियाज सुमारे २१५ गिगाबाइटांत मावेल. संगणकाला सेकंदाला लिहावे लागेल ते अर्ध्या मेगाबाइटाहून किंचित जास्त. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्कदेखील सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट लिहू शकते. म्हणजे काम आणि क्षमता यांत शंभरपटींहून अधिक अंतर आहे. या मुलीच्या वडिलांना कोणी 'संगीतासाठी सर्वांत वेगवान प्रोसेसर हवा' असे सांगितले, तर त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

पाठगत प्रश्न १
(अ) पहिल्या घरातील काम संगणकासाठी हलके का आहे?
(आ) आजीच्या ओव्या एकाच मायक्रोफोनने मुद्रित केल्या, तर तीन तासांच्या ध्वनिमुद्रणाला किती जागा लागेल? वरील पद्धतीने गणित करा.

वेग आणि वक्तशीरपणा

येथे एक शंका येईल. काम इतके हलके असेल, तर चांगल्या संगणकावरील ध्वनिमुद्रणातही मध्येच 'टिक्' असा आवाज का येतो? स्वर क्षणभर तुटल्यासारखा का होतो? याचे उत्तर संगणकाच्या कामाच्या रीतीत आहे, आणि या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दाही तोच आहे.

मायक्रोफोनकडून येणारे नमुने संगणक एकेक करून घेत नाही. विहिरीवर थेंब थेंब न घेता ओंजळीने पाणी घ्यावे, तसे तो ठरावीक संख्येचे नमुने एकत्र उचलतो. या ओंजळीला 'बफर' म्हणतात. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर ओंजळ भरायला २५६ ÷ ४८,००० सेकंद, म्हणजे ५.३ मिलिसेकंद लागतात. दर ५.३ मिलिसेकंदांनी संगणकाने आधीची ओंजळ रिकामी करून पुढच्या ओंजळीसाठी हजर असलेच पाहिजे. त्याच वेळी वाय-फायचा ड्रायव्हर, विषाणू शोधणारे सॉफ्टवेअर किंवा स्वतःहून सुरू झालेले अद्ययावतीकरण यांनी त्याला गुंतवून ठेवले, तर ओंजळ सांडते. त्या सांडण्याचा आवाज म्हणजे तो 'टिक्'.

तबल्याची उपमा घ्यायची, तर द्रुत लयीत कितीही तयारी असली, तरी समेवर न येणाऱ्या तबलजीसोबत कोणी गात नाही. संगणकाची जाहिरात त्याच्या द्रुत लयीची असते. ध्वनिमुद्रणाला लागते ते समेवर येणे, तेही सेकंदाला सुमारे १८७ वेळा, तासभर न चुकता. म्हणून महागडा पण अनेक कामांच्या ओझ्याने दबलेला संगणक चुकतो आणि मध्यम क्षमतेचा पण स्वच्छ ठेवलेला संगणक निभावतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाय-फाय बंद करणे, बाकीची सॉफ्टवेअर मिटवणे आणि वीजबचतीची योजना काढून पूर्ण क्षमतेची योजना निवडणे, या तीन बिनपैशाच्या उपायांनी पुष्कळ संगणक सुधारतात. नवा संगणक घेण्यापूर्वी जुन्यावर हे करून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे.

मग ओंजळ मोठी का करू नये? २५६ च्या जागी १,०२४ नमुने घेतले, तर संगणकाला चौपट सवड मिळेल. मिळते खरी, पण तिची किंमत विलंबाच्या रूपात द्यावी लागते. आवाज आत येताना एक ओंजळ भरावी लागते आणि बाहेर जाताना दुसरी. १,०२४ नमुन्यांना जाऊन-येऊन सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या हिशेबाने ४३ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे वाजवणारा तुमच्यापासून जवळजवळ पंधरा मीटर दूर बसल्यासारखे आहे. बैठकीत तबलजी हाताच्या अंतरावर असतो. पंधरा मीटरांवरून कोणी साथ करत नाही. २५६ नमुन्यांना हेच अंतर पावणेचार मीटरांच्या आत येते आणि ६४ नमुन्यांना एका मीटरच्या आत.

हा विलंब कोणाला बाधतो? हैदराबादच्या मुलाला फार बाधतो. पट्टी दाबल्यावर बासरीचा स्वर उशिरा उमटला, तर त्याला वाजवताच येणार नाही. त्याला लहान ओंजळ हवी आणि ती वेळेवर रिकामी करणारा जलद प्रोसेसरही हवा. प्रोसेसर निवडताना त्याने केवळ गाभ्यांची संख्या मोजू नये. एका वाद्याच्या ध्वनीवर एकामागून एक होणाऱ्या प्रक्रिया बहुधा एकाच गाभ्याला क्रमाने कराव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक गाभ्याचा स्वतःचा वेग अधिक उपयोगी पडतो. इंदूरच्या मुलीचे मात्र यावाचून अडत नाही. मायक्रोफोन संगणकाला जोडण्यासाठी जी पेटी वापरतात, तिला 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात. बहुतेक इंटरफेसमध्ये आपला आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असते. ती वापरली, की गाताना विलंब जाणवतच नाही, आणि ओंजळ खुशाल मोठी ठेवता येते.

पाठगत प्रश्न २
(अ) 'समेवर येणे' या उपमेतून लेखकाने संगणकाचा कोणता गुण सांगितला आहे?
(आ) बफर मोठा केल्याने कोणता लाभ होतो आणि कोणता तोटा होतो?

खोलीतील शांतता

जाहिरातीत क्वचितच आढळणारा, पण घरच्या ध्वनिमुद्रणात हमखास ऐकू येणारा संगणकाचा गुणधर्म म्हणजे त्याचा पंखा. ध्वनिमुद्रणगृहात संगणक बहुधा काचेपलीकडच्या खोलीत असतो. घरात तो गायकाच्या शेजारीच ठेवावा लागतो. विलंबित ख्यालाच्या पहिल्या आलापात, दोन स्वरांमधल्या विरामात, 'सूँ' असा पंख्याचा आवाज मुद्रित झाला, तर तो नंतर काढता येतो. पण सोबत तंबोऱ्याच्या झंकाराचाही काही अंश जातो.

फार पातळ आणि त्याच वेळी फार शक्तिशाली असा लॅपटॉप उष्णता बाहेर टाकण्यासाठी लहान पंखा जोरात फिरवतो. खेळांसाठी बनवलेले लॅपटॉप या बाबतीत बहुधा त्रासदायक ठरतात. याउलट काही संगणकांना पंखाच नसतो. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम-१ प्रोसेसरसह आणलेला मॅकबुक एअर असा आहे. मोठ्या पंख्याचा, सावकाश फिरणारा डेस्कटॉपही शांत असू शकतो. दुकानात संगणक पाहताना पाच मिनिटे त्यावर एखादी जड चित्रफीत चालू ठेवा आणि कान जवळ नेऊन ऐका. ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असेल, तर तिची घरघर तरी आपोआप टळते.

अंतराचाही उपयोग करून घ्यावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. संगणक मायक्रोफोनपासून ३० सेंटिमीटरऐवजी २.४ मीटरांवर ठेवला, तर हिशेबाने १८ डेसिबेलांचा फरक पडतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने लाभ थोडा कमी होतो, तरी तो स्पष्ट जाणवतो. मायक्रोफोनची पाठ संगणकाकडे करावी. जमिनीवर सतरंजी अंथरावी, गायकाच्या मागे दोरीवर जाड गोधड्या टांगाव्यात, कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे. छताचा पंखा बंद करावा लागतोच. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणे निर्दयपणाचे आहे. पण तेथील रियाज पहाटेच उरकतात, आणि पहाटे रस्ताही शांत असतो.

विजेचा प्रश्न

परदेशी पुस्तकांत संगणकनिवडीविषयी पुष्कळ माहिती मिळते. पण वीज जाण्याविषयी ती बहुधा गप्प असतात. आपल्याकडे गावोगावी हा विचार करावाच लागतो. आजी ओवी म्हणत असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तर चालू ध्वनिमुद्रणाची फाइल अपुरी राहते, कधी उघडतही नाही. डेस्कटॉप घ्यायचा, तर त्यासोबत यूपीएसचा खर्च धरावा. आणि काही यूपीएस बॅटरीवर चालताना गुंजारव करतात, तोही ऐकून घ्यावा. लॅपटॉपमध्ये बॅटरी अंगचीच असल्याने ही अडचण राहत नाही.

दुसरी अडचण घुमणाऱ्या आवाजाची. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. अर्थिंग नीट नसले, तर ५० आणि तिच्या पटीतील १००, १५० अशा कंपनांची गुणगुण ध्वनिमुद्रणात उतरते आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात मिसळून जाते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले, की ती पुष्कळदा नाहीशी होते. मात्र बॅटरीवर जाताच अनेक लॅपटॉप आपला वेग आपोआप कमी करतात. तेव्हा वर सांगितलेली पूर्ण क्षमतेची योजना पुन्हा तपासावी. गुणगुण थांबवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये. ती पिन तुमच्या जिवाच्या रक्षणासाठी असते. ती काढली आणि उपकरणात बिघाड झाला, तर हातातील मायक्रोफोनमधूनही विजेचा धक्का बसू शकतो.

स्मृती, साठवणूक आणि जोडण्या

केवळ टिपून ठेवण्याच्या कामाला ८ गिगाबाइट रॅम पुरते. संगणकातील वाद्ये वाजवायची असतील, तर १६ गिगाबाइटांपासून विचार करावा. कारण अशा सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या वाद्याचा एकेक स्वर वेगवेगळ्या जोराने वाजवून मुद्रित केलेला असतो आणि ते सगळे स्वर हाताशी ठेवायला जागा लागते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीवरच कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानात हा प्रश्न न विसरता विचारावा.

इंटरफेससाठी साधी यूएसबी जोडणी पुरते. चार मायक्रोफोनांना लागणारी माहितीची गती यूएसबी २.० च्या क्षमतेच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. मात्र इंटरफेस संगणकाला सरळ जोडावा. स्वस्त हबमधून जोडल्यास वीज अपुरी पडू शकते, विशेषतः ४८ व्होल्ट मागणाऱ्या कंडेन्सर मायक्रोफोनांना.

विंडोज, मॅक की लिनक्स, या वादात फार वेळ घालवू नये. तिन्हींवर उत्तम ध्वनिमुद्रण होते. ऑडॅसिटी तिन्हींवर विनामूल्य मिळते, आर्डर मुक्त सॉफ्टवेअर आहे, मॅकवर गॅरेजबँड विनामूल्य आहे. मित्राने किंवा गुरूने वापरलेले सॉफ्टवेअर कोणते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. अडल्यास विचारायला कोणीतरी हवे. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला 'आसिओ' प्रकारचा ड्रायव्हर वापरावा, म्हणजे विलंब आटोक्यात राहतो. एआरएम प्रकारचा प्रोसेसर असलेला विंडोज लॅपटॉप घ्यायचा असेल, तर आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर त्यावर चालतो का, याची आधी खात्री करावी.

नवा की वापरलेला?

इंदूरच्या मुलीने नवा संगणक घ्यावाच असे नाही. कार्यालयांतून निवृत्त झालेले मजबूत बांधणीचे लॅपटॉप तिचे काम सहज करतील. त्यात एसएसडी बसवून घ्यावी, पंख्यातील धूळ काढवून घ्यावी आणि बॅटरीची स्थिती पाहावी. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला सर्वसाधारणपणे २०१८ च्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे प्रोसेसर लागतात. त्याहून जुना संगणक मिळाला, तर त्यावर लिनक्स घालावे, किंवा तो इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ ध्वनिमुद्रणापुरता वापरावा. इंटरनेट नसलेला संगणक मध्येच अद्ययावत होऊ लागत नाही, हाही एक लाभच आहे.

पैसे कसे वाटावेत, याविषयी मते भिन्न असू शकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते एकूण रकमेतील निम्म्याहून अधिक भाग संगणकावर जाऊ देऊ नये. संगणक आवाज चांगला करत नाही. तो आलेला आवाज सांभाळतो. आवाज आत येतो मायक्रोफोनमधून, आणि आपण तो पारखतो हेडफोनमधून. संगणक काही वर्षांनी जुना होतो; चांगला मायक्रोफोन दोन-तीन संगणक पाहून जातो. हैदराबादच्या मुलासाठी हे प्रमाण बदलेल. त्याच्याकडे मायक्रोफोन कदाचित एकच असेल आणि रॅम व प्रोसेसर हेच त्याचे वाद्यवृंद असतील. त्याने तेथे हात आखडता घेऊ नये.

आजीच्या ओव्या

आता इंदूरच्या घरातील शेवटची गोष्ट. रियाज बिघडला तर मुलगी उद्या पुन्हा गाईल. आजीच्या बाबतीत 'पुन्हा एकदा म्हण' हे नेहमीच शक्य नसते. म्हातारपणी एखादी ओवी एखाद्या दुपारी अचानक आठवते आणि पुन्हा आठवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि ज्यांना या ओव्या मुखोद्गत होत्या त्या पिढीचा आवाज वर्षागणिक विरळ होत गेला. तुमच्या घरातील ओव्या कोणत्या संग्रहात असतील वा नसतीलही.

म्हणून या कामासाठी संगणक निवडताना 'तो चटकन सुरू होऊन मुद्रणाला तयार होतो का?' हा प्रश्न विचारावा. एसएसडी असलेला, स्वच्छ ठेवलेला लॅपटॉप मिनिटाच्या आत तयार होतो. आजीच्या समोर तारांचे जंजाळ मांडू नये. एक मायक्रोफोन, एक इंटरफेस, एवढे पुरे. २४ बिटांची सोय असल्यामुळे पातळी मुद्दाम कमी ठेवता येते. आवाज चढला तरी तो फाटत नाही. आरंभी मुद्रणातच आजीचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. फाइलीचे नाव कोणी बदलले तरी ही माहिती आवाजासोबतच राहते.

आणि त्याच दिवशी प्रत काढावी. संगणकात एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी आणि घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत, तिसरी. मूळ प्रत वेव्ह प्रकारातच ठेवावी. एमपी-३ प्रकारात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो, म्हणून तो फक्त पाठवण्यासाठी वापरावा. संगणक विकत घेताना बाहेरच्या डिस्कचा खर्च त्याच यादीत लिहावा. नंतर घेऊ म्हटले, की ती राहून जाते.

शब्दार्थ

ध्वनिमुद्रण – आवाज यंत्राच्या साहाय्याने टिपून ठेवणे
कर्णा – ध्वनी एकवटणारे नरसाळ्याच्या आकाराचे साधन
नमुना – ध्वनिलाटेच्या उंचीची एक मोजणी
गाभा – प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग
सम – तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा
मुखोद्गत – तोंडपाठ
हात आखडता घेणे – खर्च करण्यास कचरणे

स्वाध्याय

१. १९०२ मधील ध्वनिमुद्रणाचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'संगणक आवाज चांगला करत नाही. तो आलेला आवाज सांभाळतो.' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? हैदराबादच्या मुलाचे उदाहरण विचारात घेऊन उत्तर लिहा.
३. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा : वक्तशीर, विलंब, आटोपते घेणे, हमखास.
४. पाठातील 'ओंजळ' ही उपमा कोणत्या तांत्रिक शब्दासाठी आली आहे? त्याच शब्दासाठी तुमच्या परिसरातील दुसरी एखादी उपमा शोधा आणि चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
५. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ठाऊक असलेले एक पारंपरिक गीत, त्यांच्या संमतीने, उपलब्ध असेल त्या साधनावर मुद्रित करा. खोलीत कोणकोणते नको असलेले आवाज आले, याची नोंद करा. त्यांतील कोणते बिनखर्चाने टाळता येतील, ते लिहा आणि तेच गीत पुन्हा मुद्रित करून दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐका.